देवडीवरचा पहारा : युनिक्सच्या चित्रमय लॉगिनची हकिकत

१/२४
संगणक सुरू होतो आणि पडद्यावर नावांची यादी येते. नावावर टिचकी मारायची, परवलीचा शब्द टंकायचा, की समोर डेस्कटॉप मांडलेला असतो. लिनक्स वापरणाऱ्या आजच्या तरुणाला यात नवल वाटत नाही. परंतु १९६९ साली जन्मलेल्या युनिक्सला असा पडदा मिळायला जवळजवळ वीस वर्षे लागली. संगणकशास्त्र न शिकलेल्या माणसाला त्या पडद्यामागे नीटनेटके घर मिळायला आणखी दहा. हा विलंब का झाला आणि तो कसा संपला, त्याची ही हकिकत.

२/२४
तंत्राची उणीव हे विलंबाचे कारण नव्हते. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या आल्टो संगणकाला चित्रमय पडदा आणि माउस होता. जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला. पण ही यंत्रे एकेका कंपनीची होती; पडदा कसा दिसावा हे ती कंपनीच ठरवी. युनिक्स अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चाले आणि एका यंत्रावर अनेक माणसे काम करीत. अशा सामाईक वाड्यात दिवाणखाना कोणी सजवायचा आणि देवडीवर कोणी बसायचे, हे ठरवणे सोपे नव्हते.

३/२४
बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले, तेव्हा त्याच्याशी संवाद साधण्याचे मुख्य साधन होते टेलिटाइप : कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला दहा अक्षरे छापणारे खडखडाटी यंत्र. माणूस कळा दाबी, यंत्र कागदावर उत्तर उमटवी. त्या कागदावर युनिक्सकडून येणारा पहिला शब्द असे ‘लॉगिन’ आणि त्यापुढे दोन ठिपके. युनिक्सची पहिली देवडी एवढीच होती.

४/२४
तिच्यामागे चार कार्यक्रमांची साखळी होती. ‘इनिट’ प्रत्येक तारेवर ‘गेटी’ बसवी. गेटी नाव विचारून ‘लॉगिन’ला पाचारण करी. लॉगिन परवलीचा शब्द तपासून वापरकर्त्याच्या हाती ‘शेल’ देई. काम आटोपून माणूस गेला की शेल संपे आणि इनिट पुन्हा नवा गेटी बसवी. नाव सगळेच्या सगळे मोठ्या रोमन अक्षरांत आले, तर समोरच्या यंत्रात लहान अक्षरेच नसावीत असे ओळखून प्रणाली स्वतः जुळवून घेई. हे चक्र ध्यानात ठेवावे. पुढे तेच वेगळ्या वेषात भेटणार आहे.

५/२४
१९८३ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे, एमआयटीत, ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. डेक आणि आयबीएम या दोन कंपन्या त्याच्या पाठीशी होत्या. विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही संगणकापाशी बसावे आणि त्याला आपलेच काम, आपल्याच फायली समोर दिसाव्यात, असा संकल्प होता. यंत्रे मात्र वेगवेगळ्या घडणीची. त्यामुळे दोन गोष्टींची निकड निर्माण झाली : सर्व यंत्रांवर सारखी चालणारी खिडक्यांची व्यवस्था, आणि बसलेला माणूस तोच आहे याची खातरजमा.

६/२४
पहिली गोष्ट शेजारच्याच प्रयोगशाळेतून आली. बॉब शाइफ्लर तेथे ‘आर्गस’ नावाच्या वितरित प्रणालीवर काम करीत होते. तिच्यातील चुका शोधताना अनेक प्रक्रिया एकाच वेळी डोळ्यांसमोर असणे आवश्यक होते. स्टॅनफर्डमध्ये पॉल असेंट आणि ब्रायन रीड यांनी ‘डब्ल्यू’ नावाची विंडो-व्यवस्था लिहिली होती. शाइफ्लर यांनी तिचा पाया घेतला, प्रत्येक आज्ञेनंतर उत्तराची वाट पाहण्याची तिची रीत काढून टाकली आणि १९ जून १९८४ रोजी नवी व्यवस्था सहकाऱ्यांना कळवली. रोमन वर्णमालेत डब्ल्यूनंतरचे अक्षर म्हणून तिचे नाव ‘एक्स’. अथेनाचे जिम गेटिस लवकरच या कामात सामील झाले.

७/२४
एक्सची रचना प्रथमदर्शनी उलटी वाटते. ‘सर्व्हर’ म्हटले की दूरच्या खोलीतील मोठे यंत्र आठवते. एक्सचा सर्व्हर मात्र माणसाच्या पुढ्यात असतो. पडदा, कळफलक आणि माउस त्याच्या ताब्यात. पडद्यावर खिडकी मागणारा प्रत्येक कार्यक्रम हा त्याचा ग्राहक, आणि तो ग्राहक जाळ्यावरील दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर चालत असू शकतो. गणित एका इमारतीतील संगणकावर चाले आणि आलेख दुसऱ्या इमारतीतील पडद्यावर उमटे.

८/२४
त्याहून दूरगामी होते एक्सचे तत्त्व : साधन पुरवावे, धोरण लादू नये. रेषा काढणे, खिडकीला जागा देणे, कोणती कळ दाबली हे कळवणे, एवढेच एक्सचे काम. खिडकीला शीर्षकपट्टी असावी की नसावी, ती कशी हलवावी, हे ठरवणार ‘विंडो मॅनेजर’ नावाचा वेगळा कार्यक्रम. तोही हवा तो निवडावा. सप्टेंबर १९८७ मध्ये या व्यवस्थेची अकरावी आवृत्ती आली. उदार परवान्यामुळे युनिक्स विकणाऱ्या कंपन्यांनी ती उचलली. आवृत्तीचा तो अकरा हा अंक आजही बदललेला नाही.

९/२४
या तत्त्वाची किंमत वापरकर्त्याने मोजली. नुसता एक्स सुरू केला तर दिसे करड्या विणीचा रिकामा पडदा आणि मधोमध फुलीच्या आकाराचा दर्शक. बाकी सारे स्वतः मांडायचे. आधी अक्षरी पडद्यावर लॉगिन करायचे, मग ‘एक्सइनिट’ची आज्ञा द्यायची. कोणते कार्यक्रम उघडायचे, याची यादी एका लपलेल्या फाइलीत आधीच लिहून ठेवायची. त्या यादीतील शेवटचा कार्यक्रम संपला की सगळा एक्स मिटे. म्हणून बहुतेक जण शेवटच्या ओळीत विंडो मॅनेजर ठेवीत. ही खूण ठाऊक नसलेल्या नवख्याचा पडदा उघडताक्षणीच बंद होई.

१०/२४
१९८० च्या दशकाच्या अखेरीस आणखी एक पेच उभा राहिला. ‘एक्स टर्मिनल’ नावाची स्वस्त यंत्रे येऊ लागली : पडदा, कळफलक, माउस, जाळ्याची तार आणि आत फक्त एक्स सर्व्हर. स्वतःची डिस्क सहसा नाही, गेटी नाही, शेल नाही. आधी अक्षरी लॉगिन आणि मग एक्स, हा क्रम येथे शक्यच नव्हता. पडदा आधीपासून चित्रमय होता. त्यावर ‘आपण कोण?’ असे विचारणारे मात्र कोणी नव्हते.

११/२४
उत्तर ऑक्टोबर १९८८ मध्ये आले. अकराव्या एक्सच्या तिसऱ्या प्रकाशनात कीथ पॅकर्ड यांनी लिहिलेला ‘एक्सडीएम’ हा डिस्प्ले मॅनेजर होता. तो पडद्यावर एक चौकट दाखवी, नाव आणि परवलीचा शब्द घेई, तपासणी करी आणि त्या वापरकर्त्याच्या अधिकाराने त्याचे सत्र सुरू करी. सत्र संपले की पडदा पुसून पुन्हा चौकट. गेटी, लॉगिन आणि इनिट यांचे जुने चक्र आता चित्रमय पडद्यावर फिरू लागले. वाड्याला देवडी मिळाली.

१२/२४
पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८९ च्या चौथ्या प्रकाशनात, एक्सडीएमला दूरच्या टर्मिनलांशी बोलण्याची ठरीव पद्धत मिळाली. टर्मिनल सुरू होताच जाळ्यावर हाक देई. जो संगणक ओ देईल त्याची लॉगिन-चौकट पडद्यावर येई. एकाच मोठ्या संगणकावर खोलीभर माणसे चित्रमय काम करू लागली. उणीव एकच, पण मोठी : ही बोलणी उघडी चालत. तारेवर कान ठेवणाऱ्याला परवलीचा शब्दही ऐकू येई.

१३/२४
पडद्याचे रक्षणही देवडीकडेच आले. आधी एखाद्या यंत्राला परवानगी दिली की त्या यंत्रावरील प्रत्येक वापरकर्त्याला पडदा मोकळा होई. मग ‘मॅजिक कुकी’ची युक्ती निघाली : लॉगिनच्या वेळी डिस्प्ले मॅनेजरने १२८ बिटांची गुप्त खूण तयार करायची आणि ती केवळ मालकाला वाचता येईल अशा फाइलीत ठेवायची. खूण दाखवील तोच कार्यक्रम आत. एकदा आत आल्यावर मात्र भिंती नव्हत्या. कोणत्याही कार्यक्रमाला दुसऱ्याच्या खिडकीत टंकलेली अक्षरे टिपता येत. ही फट पुढे तीन दशके तशीच राहिली.

१४/२४
माणसाची ओळख पटवण्याचा प्रश्नही अथेनानेच हाती घेतला होता. त्यातून जन्मलेल्या व्यवस्थेचे नाव ‘केर्बेरॉस’, म्हणजे ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरचा तीन मुखांचा कुत्रा. १९९५ साली सन कंपनीच्या अभियंत्यांनी ‘पॅम’ ही रचना मांडली. ओळख तपासण्याचे नियम प्रत्येक कार्यक्रमात पुन्हा न लिहिता एका ठिकाणी ठेवावेत आणि अक्षरी लॉगिन असो वा चित्रमय, सर्वांनी तेथेच विचारावे, हा तिचा गाभा. लिनक्सनेही ती स्वीकारली. आज बोटाच्या ठशाने उघडणारा लिनक्सचा लॉगिन-पडदा याच वाटेने जातो.

१५/२४
दरम्यान कंपन्यांमध्ये रूपावरून चुरस लागली. एका बाजूस ‘मोटिफ’, दुसऱ्या बाजूस सन आणि एटी अँड टी यांचा ‘ओपन लुक’. एकाच पडद्यावर दोन कार्यक्रमांच्या दोन तऱ्हा दिसत. १९९३ साली एचपी, आयबीएम, सन आदी कंपन्यांनी हातमिळवणी करून ‘सीडीई’ हा सामाईक डेस्कटॉप जाहीर केला. त्याला स्वतःचा लॉगिन-पडदा होता आणि दाराशीच सत्र निवडण्याची सोय होती. पण हा सगळा थाट पैसे मोजून घ्यायचा होता. त्याचा स्रोत खुला झाला तो २०१२ साली.

१६/२४
१९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिले. पुढच्याच वर्षी त्यावर एक्स चालू लागला आणि ‘एक्सफ्री८६’ प्रकल्पाने घरगुती संगणकांसाठी तो मोकळा उपलब्ध केला. घरगुती संगणकांतील ग्राफिक्स कार्डे मात्र नाना तऱ्हांची. मॉनिटर सेकंदाला किती रेषा आणि किती चित्रे रंगवू शकतो, ते आकडे मॉनिटरच्या पुस्तिकेत शोधून फाइलीत लिहावे लागत. भलताच आकडा दिल्यास मॉनिटर बिघडू शकतो, अशी ताकीद कागदपत्रांतच असे. डेस्कटॉप हवा तर आधी हे धाडस.

१७/२४
त्यानंतरचा प्रश्न : संगणक सुरू होताच चित्रमय देवडी यावी की अक्षरी? रेड हॅटसारख्या वितरणांत ‘इनिटटॅब’ फाइलीतील एका अंकावर ते ठरे. ३ म्हणजे अक्षरी, ५ म्हणजे चित्रमय. एक्स नीट चालतो की नाही हे न पाहता ५ लिहिले, तर पडदा लुकलुकत राही. एक्स कोसळे, इनिट इमाने त्याला पुन्हा उभा करी, तो पुन्हा कोसळे. शेवटी ‘फार वेगाने पुन्हा सुरू होत आहे, पाच मिनिटे बंद’ अशा अर्थाचा संदेश येई. टेलिटाइपच्या काळातील ते विश्वासू चक्र आता अडचण होऊन बसे. जाणकार मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ दाबून अक्षरी पडद्यावर उतरत आणि तो अंक दुरुस्त करीत.

१८/२४
एक्सने न लादलेले धोरण अखेर कोणीतरी ठरवणे भाग होते. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी माथियास एट्रिश याने ‘केडीई’ प्रकल्पाची हाक दिली. प्रत्येक कार्यक्रमाची सरकपट्टी वेगळी, मेनू वेगळे, मदत मिळवण्याची रीत वेगळी. हे सामान्य वापरकर्त्याला पेलणारे नाही, असे त्याचे म्हणणे होते. आणखी एक विंडो मॅनेजर लिहिण्याऐवजी एकजिनसी वातावरण उभारायचे होते. जुलै १९९८ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली.

१९/२४
केडीई उभा होता ‘क्यूटी’ या साधनसंचावर, आणि क्यूटीचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. मुक्त प्रणालीचा दर्शनी भाग परक्याच्या जमिनीवर बांधावा काय, यावरून तीव्र मतभेद झाले. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोचे मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ‘ग्नोम’ची घोषणा केली. २००० साली क्यूटी जीपीएल परवान्याखाली आले आणि वादाचे मूळ कारण संपले. तोवर दोन्ही घरे बांधून झाली होती. दोन्ही आजही नांदती आहेत.

२०/२४
या दोन घरांच्या स्वतःच्या देवड्या झाल्या : ‘केडीएम’ आणि ‘जीडीएम’. त्यांवर वापरकर्त्यांची नावे व चित्रे आली, संगणक बंद करण्याची कळ आली आणि सत्रांची यादी आली. एकाच यंत्रावर आईने केडीई वापरावा, मुलीने ग्नोम, आणि आजोबांनी जुन्या सवयीने साधा विंडो मॅनेजर. तिघांनी एकाच दाराने यावे. एक्सच्या निर्मात्यांनी जपलेले निवडीचे स्वातंत्र्य आता फाइलीतील ओळींऐवजी यादीतील एका टिचकीवर आले. एक्सचे मूळ तत्त्व न मोडता त्याचे ओझे हलके झाले.

२१/२४
त्याच पडद्यावर आणखी एक यादी होती, भाषेची. तिच्यात मराठी येण्यापूर्वी मोठी अडचण सुटावी लागली. एक्सची जुनी फाँट-व्यवस्था एका संकेताला एक आकृती देई. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर आणि लेखनात आधी. जोडाक्षरात आकृतीच बदलते. ‘सुऱ्या’मधला र तर मराठीचा खास. हे काम ओवेन टेलर आदींच्या ‘पँगो’ने केले. सर्व या अर्थाचा ग्रीक शब्द आणि भाषा या अर्थाचा जपानी शब्द जोडून हे नाव बनले. २००२ च्या ग्नोम २ मध्ये ते आले. इंडलिनक्सच्या स्वयंसेवकांनी भारतीय भाषांतील डेस्कटॉपसाठी खटपट केली. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातूनही मराठी अनुवाद झाले. मग देवडीवरचा प्रश्न मराठीत उमटला.

२२/२४
मांडणीचे कष्टही ओसरत गेले. २००० साली क्लाउस क्नॉपर यांच्या ‘क्नॉपिक्स’ने दाखवून दिले की सीडी घातली की प्रणाली स्वतः कार्ड आणि मॉनिटर ओळखून डेस्कटॉप उभा करू शकते. २००४ साली परवान्याच्या वादातून एक्सफ्री८६ मागे पडला आणि एक्सची धुरा एक्स.ऑर्गकडे आली. २००९ पासून पडद्याची मांडणी लिनक्सचा गाभाच करू लागला. पुढे ‘सिस्टमडी’ आल्यावर ३ आणि ५ या अंकांची जागा नावांनी घेतली. आज बहुधा एक डेस्कटॉप आणि एक डिस्प्ले मॅनेजर बसवला आणि सुरुवातीचे लक्ष्य ‘ग्राफिकल’ ठेवले की काम भागते.

२३/२४
उरली होती ती तेराव्या नोंदीतील फट. २००८ साली क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी ‘वेलंड’ सुरू केला. नाव मॅसॅच्युसेट्समधील एका गावाचे. त्यात एका कार्यक्रमाला दुसऱ्याच्या कळा चोरून ऐकता येत नाहीत. घराच्या आत प्रथमच भिंती आल्या. फेडोराने २०१५ साली आधी लॉगिनचा पडदाच वेलंडवर नेला. पूर्ण डेस्कटॉप २०१६ साली त्यामागे गेला. मोबदलाही द्यावा लागला. दूरच्या यंत्रावरील खिडकी सहज येथे आणण्याचे एक्सचे अंगभूत कसब वेलंडच्या गाभ्यात नाही, आणि पडद्याचे चित्र टिपणाऱ्या कार्यक्रमालाही आता परवानगी मागावी लागते.

२४/२४
युनिक्सला चित्र काढता येत नव्हते म्हणून हा पडदा उशिरा आला, असे नाही. कोणावर काहीही लादायचे नाही असे एकदा ठरवल्यावर, ज्याला निवड करता येत नाही त्याची सोय कोणी पाहायची, हे ठरायला ती वर्षे गेली. ते काम देवडीने पत्करले. जुनी देवडीही पाडलेली नाही. आजच्या लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबले तर बहुधा सगळी चित्रे बाजूला सरतात आणि काळ्या पडद्यावर तोच शब्द उभा राहतो : ‘लॉगिन’ आणि त्यापुढे दोन ठिपके. डेस्कटॉप कोसळला की दुरुस्तीला याच दाराने आत जायचे असते.